जास्वंदीचा पार फोडणारी धुरपा

लई वर्षं झाली. किती, ते विचारू नका. मोजणारे सगळे गेले, आणि उरलेल्यांना मोजता येत नाही. हिवरदऱ्यात तेव्हा ठाणाईच्या देवळापुढं एक जास्वंद होती. जास्वंद कसली, रान पेटावं तशी फुलायची. देवीला पहाटे फूल लागायचं ते तिचंच. असं म्हणतात, फूल वाहायला उशीर झाला तर देवी मान वळवून दाराकडं बघायची.

आता गावाची खोड सांगतो. रागावू नका, तुमचीच आहे. कुठल्याही कामाला निघायचं तर आधी जास्वंदीला तांब्याभर पाणी घालायचं. लग्न ठरलं, घाल तांब्या. म्हैस व्याली, घाल तांब्या. शेजाऱ्याची म्हैस आटली, घाल दोन! तरी झाड मजेत होतं, कारण देऊळ उतारावर. पाणी यायचं तसं निघून जायचं.

मग सुभानराव पाटलाला हुक्की आली. म्हणाला, देवीचं झाड असं उघडंबोडकं शोभत नाही, मी त्याला पार बांधणार. घडीव दगड आणले, मुळांच्या भोवती खोल चर खणून चुना भरला, वर घोटून गिलावा केला. बुंध्यापाशी तेवढी माती उघडी, बाकी मुंगीला शिरायला फट ठेवली नाही. त्या पारावर बसून पाटील मिशीला असा पीळ द्यायचा, की बघणाऱ्याची मान दुखावी.

त्याच सुमारास गुरवाच्या घरात सून आली. तिचं नाव हौसा. आईबाप साथीत गेलेले, माहेर म्हणावं असं दार नाही. गुरवाकडं देवीच्या पूजेचा मान, म्हणून पहाटे जास्वंदीचं फूल खुडायचं काम तिच्याकडं आलं. आणि नेमकी तेव्हाच जास्वंदीनं मान टाकली. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या.

झालं! गावाला कारण शोधायला कितीसा वेळ लागतो? पाटील पारावर उभा राहून म्हणाला, "ही आली आन झाडानं मान टाकली. हिचा हात वाईट."

कुणी विचारलं नाही, की बाबा, पार कधी आला? नाही. दगडाला कोण बोलणार? सून बरी असते, तिला उलट बोलता येत नाही.

मग पंचांनी शिक्षा ठरवली. हौसानं रोज नदीवरून घागरी वाहायच्या आणि झाडाला घालायच्या. देवीच्या पालखीपर्यंत झाड उठलं तर ठीक, नाहीतर गावाबाहेर काढायची. गुरव मान खाली घालून "बरं" म्हणाला. नवरा तर तेवढंही बोलला नाही. ज्या पाण्यानं झाड मरत होतं, तेच पाणी त्या पोरीला डोक्यावरून वाहून आणायला लावायचं, तिच्याच हातानं घालायला लावायचं, आणि वर म्हणायचं, बघा, हिच्या हातानं मरतंय! माझं तर आजही सांगताना डोकं तापतं.

आता धुरपा येते. सरकून बसा.

धुरपा कुंभारीण. तोंडानं अशी की तिची हाक ऐकून बैल जू सोडून पळायचे. असं म्हणतात, तिनं मडक्याला शिवी दिली की ते भट्टीत तडकत नसे, घाबरून नीट भाजून निघे. एके दिवशी ती पहाटे माती आणायला निघाली होती. देवळापुढं हौसा घागर घेऊन रडत उभी.

"पोरी, ह्या पानांनी मान कवा टाकली?" धुरपानं विचारलं.

"रोज अशीच असत्यात, आत्या."

"दुपारी टाकत्यात आन सांजंला उठत्यात, का आत्ता पहाटंबी अशीच?"

"आत्ताबी अशीच. रातभर अशीच."

धुरपा थबकली. उन्हानं दमलेलं झाड रात्री मान उचलतं. थंड पहाटेला जे झोपलेलंच असतं, त्याचं दुखणं वर नसतं, खाली असतं. तिनं मातीत बोट घातलं, चिखल. मनगट घातलं, चिखल. असं म्हणतात, मग तिनं खांद्यापर्यंत हात घातला आणि आतून मूठभर माती काढून हुंगली. कुजक्या डबक्याचा वास आला. मग तिनं पाराला कान लावला. आतल्या मुळ्या खोकत होत्या, असं म्हणतात.

आणि धुरपा अशी ओरडली, की सगळा गाव अंथरुणासकट दारात आला.

पाटील आला धोतर सावरत. "कुंभारणीला झाडातलं काय कळतंय गं?"

"झाडातलं नाय कळत, मुडद्या! मडक्यातलं कळतंय. तू झाड मडक्यात बसवलंयस, आन मडक्याला भोकच नाय ठेवलंस! पाणी जायाचं कुठनं, तुझ्या मिशीतनं?"

लोक हसले. मग पाटलानं वळून बघितलं तसे आभाळाकडं बघायला लागले. गाव असंच असतं.

धुरपानं देवळातली पहार उचलली. पाटील आडवा आला, तर म्हणाली, "हो बाजूला, न्हाईतर आधी तुझं टकुरं फोडते. त्येबी असंच गच्च बांधलंय." पहिला घाव बसला तसा पार फुटला, आणि आतून असं पाणी सुटलं की काय सांगू! सगळ्या गावाचे तांबे, हौसाच्या घागरी, सगळे बाहेर. असं म्हणतात, त्या लोंढ्यात पाटलाचं पागोटं नदीपर्यंत गेलं आणि पुढं कुण्या गावच्या बेडकांनी ते वर्षभर वापरलं.

मग धुरपानं जास्वंद मुळासकट उचलली. मुळ्या काळ्या, लिबलिबीत. चाकावरून मडकं कापायची दोरी तिच्या कमरेला असायचीच. त्या दोरीनं तिनं सडकी मुळी न् मुळी कापली आणि पांढरी तेवढी ठेवली. खड्ड्याच्या तळाशी फुटक्या खापऱ्या घातल्या, त्यावर नदीची वाळू, मग भट्टीतली थंड राख मिसळलेली कोरडी माती. अर्धी पानं खुडली, वर कडब्याची सावली केली. आणि मडकी बडवायचं लाकडी थापटणं घेऊन शेजारी बसली. म्हणाली, "आता ज्यो तांब्या आणंल, त्येच्या मनगटावर ह्ये बसंल."

तरी माणसं आली! सवय कुठं जाते? एक आला, मारलं. दुसरी म्हणाली, "आत्या, नुसता घोटभर," तिलाही मारलं. असं म्हणतात, एके दुपारी एक गोरीपान म्हातारी चांदीचा तांब्या घेऊन आली. धुरपानं तिलाही थाडकन दिलं. म्हातारी हसत हसत देवळात शिरली ती परत बाहेर आली नाही. मूर्तीच्या उजव्या मनगटावर वळ आहे, जाऊन बघा. देवीला जे समजलं, ते पंचांना समजलं नाही.

पण उरलेली पानंही गळाली. पालखीचा दिवस उजाडला तेव्हा झाड म्हणजे नुसत्या काड्या. पाटील नवं पागोटं घालून आला. "चला, सुनेचं गाठोडं बांधा."

हौसानं गाठोडं बांधलं होतंच. जाता जाता ती झाडापाशी वाकली आणि नखानं एका काडीची साल खरवडली. आत हिरवं. ओलं, जितं हिरवं.

"आत्या, ह्ये मेलं न्हाई," ती म्हणाली. गावापुढं तिनं काढलेला तो पहिला शब्द. आणि असं म्हणतात, ती बोलली तसं काडीकाडीला पोपटी डोळे फुटले, आणि पालखी देवळातून निघून वेशीला पोचेस्तोवर झाड लालभडक झालं.

मग गावानं काय केलं? नारळ फोडले, गुलाल उधळला. हौसाला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. "चुकलं गं बाई," एवढंही नाही! ती तिथंच गाठोडं घेऊन उभी.

धुरपा उठली. पालखीच्या वाटेत आडवी झाली आणि थापटणं हौसाच्या हातात दिलं. "ज्यानं ज्यानं हिला नाव ठेवलं, त्यानं हात फुडं करायचा. न्हाईतर ह्या गावात उद्यापास्नं मडकं न्हाई. प्या पाणी वंजळीनं."

पाटलाचा हात पहिला. मग पंचांचे, मग सासऱ्याचा, मग नवऱ्याचा. हौसानं गाठोडं खाली ठेवलं आणि एकेकाच्या मनगटावर थापटणं दिलं.

धुरपा पुढं कुठं गेली, कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं, मातीत हात घालून बसली आणि मातीच झाली. हिवरदऱ्यात अजून कुणी जास्वंदीला पाणी घालणार असलं तर आधी मातीत बोट घालून धुरपाचं नाव घेतं. बोटाला ओल लागली तर तांब्या घेऊन मुकाट घरी जातं. आणि पालखीच्या दिवशी त्या साली गावात आलेल्या सगळ्यात नव्या सुनेला झाडापाशी बसवतात, हातात थापटणं देतात, आणि सगळे बाप्ये रांगेनं हात पुढं करतात.

गेल्या साली जी बसली होती, ती फार लाजाळू. मान वर करेना. पाटलाच्या वंशातला सरपंच पुढं आला, हसून म्हणाला, "मार की गं पोरी, रीतच हाय." तिनं हळूच मारलं. मग सासरा आला. त्याच्याकडं तिनं एकदा नीट बघितलं, पदर खोचला, आणि पुढं तिला धरायला आख्खी आळी लागली.