चुलवाणाचा धूर

फार जुनी गोष्ट. राजाने उसावर कर बसवायच्याही आधीची. एका गावात एक गुऱ्हाळ होते. तिथला गूळ सोन्यासारखा पिवळा. पण मालकाच्या मुलाचे लग्न झाले आणि त्याच हंगामापासून रस उकळायचे चुलवाण काळा धूर ओकू लागले. जाळ धुमसायचा. गूळ काळा पडायचा.

मालकाने रसाची काहील बदलली. धूर तसाच. मग जाळ घालणारा म्हातारा बदलला. नव्या गड्याने दुप्पट चिपाडे कोंबली. धूरही दुप्पट झाला.

"धूर कधीपासून सुटला, आठवा की!" मालकीणबाई म्हणाल्या. "सून आली तेव्हापासून. पांढऱ्या पायाची मेली!"

तेव्हा सून बदलली. पहिलीला माहेरी धाडले, दुसरी आणली.

ही दुसरी बोलायची कमी, बघायची फार. धूर तसाच होता, आणि आता बदलण्याजोगी तीच उरली होती. ती चुलवाणापाशी जाऊन बसू लागली. चिपाडे कमी पडली की धूर विरळ व्हायचा. कोंबली की ज्वाळा दबायची. जळण उदंड होते, श्वास कोंडला होता.

"मामंजी, याला वारा कुठून मिळतो?"

"मागच्या भिंतीला भोक आहे की!"

"दाखवता का जरा?"

मालक मागे गेला. भिंत गुळगुळीत, चुना दिलेली. त्याने कुदळ मारली, पोपडा पडला, भोक उघडले आणि आत जाळ भडकून उठला.

"लग्नात पाहुण्यांसमोर बरं दिसेना," मालकीणबाई पुटपुटल्या. "पहिलीच्या वेळी मीच लिंपून घेतलं होतं."

मालकाने त्याच दुपारी पहिलीच्या माहेरी गाडी पाठवली. गाडी रिकामी आली. टाकलेली म्हणून लोकांची बोलणी खाता खाता ती मागच्याच पावसाळ्यात खंगून मेली होती.

गूळ पुन्हा पिवळा झाला. गाव म्हणाले, "नव्या सुनेचा पायगुण हो!"

ती हसली नाही. उद्या पुन्हा धूर झाला तर हेच तोंड काय म्हणेल, ते तिला ठाऊक होते. दर हंगामाआधी ते भोक ती आपल्या हाताने मोकळे करी, आणि कुणाला सांगत नसे.

दोष न शोधता जो बदलत सुटतो, त्याच्या घरी दोष राहतो आणि निर्दोष जातो.