धुण्याच्या दगडाखालचा नियम

नदीकाठच्या एका गावात म्हाळसाक्का नावाची बांगडीवाली भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीला लागूनच घरमालक दौलतशेठचा गोठा होता. मधे एकच मातीची भिंत. शेठची म्हैस मोठी सुखी. पाठ खाजली की ती भिंतीला अंग घासायची, भिंत हलायची आणि अलीकडे खुंटीवरच्या बांगड्या खळकन खाली यायच्या. लग्नसराई तोंडावर आली, पण म्हाळसाक्काच्या खोलीत निम्म्या बांगड्यांच्या नुसत्या काचाच उरलेल्या.

म्हाळसाक्का तक्रार करायची नाही असं नाही. रोज नदीवर धुणं आपटताना करायची. बाकीच्या बायकाही शेठच्याच भाडेकरी. कुणाचं छप्पर गळकं, कुणाचं दार मोडकं. सगळ्या पोटतिडकीने बोलायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जाऊ दे बाई, पाण्यात राहून माशाशी वैर नको. खोलीच सोडायला लावली तर जायचं कुठं?" ज्याने दुरुस्ती करायची, त्याच्या कानावर मात्र कुणी शब्द घातला नव्हता.

धुणं आपटायचा दगडही शेठनेच दिलेला. गावभर त्याचं कौतुक होतं. दगड तेवढा डुगडुगायचा. एके दिवशी म्हाळसाक्का वैतागली. "चला गं, हा आधी नीट बसवू."

चौघींनी जोर लावून दगड उलटला, तर खाली अक्षरं! म्हाळसाक्काला बाजारापुरतं वाचता यायचं. तिने बोट ठेवून वाचलं: "राजाज्ञा. भाडेकऱ्याने मोडतोड आधी मालकास सांगावी. पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास चावडीवर यावे. तक्रार केली म्हणून कोणास घराबाहेर काढू नये."

बायका चाट पडल्या. हा तर जुन्या चावडीचा दगड! चावडी पडली तेव्हा शेठने उदार होऊन तो नदीवर आणून टाकला होता. पालथा.

त्याच दिवशी म्हाळसाक्का दोघींना साक्षीला घेऊन शेठकडे गेली. शेठ हसला. "मी म्हशीला काय सांगू, अक्का? तूच समजाव तिला."

म्हाळसाक्का भांडली नाही. घरी येऊन दारामागे कोळशाने रोज एक रेघ ओढू लागली. सोळाव्या दिवशी ती चावडीवर हजर.

पाटील चकित झाले. "मी पाटील झाल्यापासून सात वर्षांत एक तक्रार नाही. मला वाटलं, सगळे सुखात आहेत!"

"सुखात म्हैस होती, पाटील," म्हाळसाक्का म्हणाली.

पाटलांनी भिंत पाहिली, म्हैसही पाहिली आणि निवाडा दिला. "फुटल्या तेवढ्या बांगड्या शेठने आणून द्याव्यात. आणि भिंत नीट होईपर्यंत म्हैस शेठच्या माजघरामागे बांधावी."

पहिल्याच दिवशी शेठच्या फडताळातली लोणच्याची बरणी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी दारात.

पाटील म्हणाले, "तो दगड आता नव्या चावडीवर लावू." बायका ऐकेनात. "चावडीवर आम्ही कधी येतो? नदीवर रोज येतो." मग दगड पाणवठ्यावरच उभा केला, अक्षरं पुढे करून. धुण्यासाठी नवा दगड शेठलाच द्यावा लागला. बायकांनी तो आधी उलटून पाहिला, हे सांगायला नकोच.

तात्पर्य: गाऱ्हाणं शेजारणीला सांगून भिंत उभी राहत नाही. आपला हक्क कुठे लिहिलाय ते शोधावं, आधी मालकाला सांगावं आणि त्याने हसण्यावारी नेलं तर न घाबरता चावडी गाठावी.