उष्टा कप

"पण गुरुजी, पहिला कप कुणी उचलला, तेवढं सांगा की!"

संघपालनं हे तिसऱ्यांदा विचारलं. उद्या पाथरवट यायचा होता. बाजारचौकातल्या जुन्या हॉटेलापुढं शिळा बसणार होती. पन्नास वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरच्या पाच जणांनी तिथं आत बसून चहा मागितला, त्याची आठवण म्हणून. आता शिळा म्हटली की नावं आली, आणि नावं आली की भांडण आलंच. वर पहिलं नाव कुणाचं, यावरून वस्तीत चांगलीच जुंपली होती.

आपल्या आजोबांचंच, अशी संघपालची खात्री. पण साक्षीला त्या पाचांतले आता एकटे मारोती गुरुजीच उरले होते.

तालुक्याला भाषणं ठोकून टाळ्या घेणारा हा गडी, गुरुजींपुढं मात्र अजून चौथीतलाच.

गुरुजी अंगणात बाजेवर डोळे मिटून बसले होते. गालात हसत होते.

"काय दिवस होते रे ते... आमचे कप बाहेर, कोनाड्यात. कान तुटलेले. बाहेरच उभ्यानं प्यायचं, आपणच विसळायचं, पुन्हा पालथं घालायचं. त्या दिवशी धुवट सदरे घालून आम्ही आत बाकावर जाऊन बसलो. कायदा कधीच झाला होता, पण आमच्या गावात त्याला विचारतो कोण? मालक तासभर नुसता बघत राहिला. बाहेर ही गर्दी!"

"आणि?"

"दिला चहा. आतल्या कपबशीत. माझा तर हातच उठेना. पहिला कप केरबानं उचलला. तुझ्या आजोबानं."

संघपालची छाती फुगली.

"मी म्हणत नव्हतो? मग लिहितो तसं."

"थांब. पुढं काय झालं ते विचार की."

"काय झालं?"

गुरुजी उठून रांजणापाशी गेले. मुठीत कप असल्यासारखा हात धरला. त्यावर पाणी ओतलं, बोट आतून गोल फिरवलं आणि हात पालथा केला.

संघपालचा चेहरा उतरला.

"विसळला? आत बसून प्यायल्यावर?"

"हाताची सवय रे. गर्दी खो खो हसली. केरबा घरी येऊन ढसाढसा रडला."

"गुरुजी... हे कुणाला सांगू नका. पाया पडतो."

"ऐक तर. सहा महिने तो त्या रस्त्याला फिरकला नाही. मग एका दुपारी एकटाच गेला. चहा प्याला, उष्टा कप तसाच टेबलावर ठेवला आणि चालू लागला. थेट मला सांगायला आला. आणि मग दोघं हसलो रे, पोट धरधरून! फार आठवण येते त्याची..."

गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"तारीख कोणती होती?"

"कुणाला ठाऊक! कुणी बघितलंच नाही."

संघपालनं खिशातून कागद-पेन काढलं.

"मग शिळेवर काय लिहू?"

"हेच. केरबानं इथं उष्टा कप तसाच ठेवला."

"एवढंच? आताच्या पोरांना कळणार नाही हो, यात काय मोठं ते. हसतील."

गुरुजी पुन्हा बाजेवर टेकले.

"न कळू दे की... त्यासाठीच तर गेलो होतो आम्ही."