प्राचार्यांची मुभा

बेचाळीस वर्षांची होईपर्यंत एका प्राध्यापकासाठी थांबणं हा शुद्ध वेडेपणा होता, हे हॅरिएट स्वतःच हसत कबूल करायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिच्या एडविनच्या कॉलेजात नियमच होता, लग्न केलं की नोकरी गेली. त्याचा ग्रीसचा इतिहास अर्धाच लिहून झाला होता, त्यामुळे त्याला नोकरी सोडता येत नव्हती. शेवटी नियम बदलावा असा अर्ज घेऊन तीच प्राचार्यांकडे चहाला गेली.

"बाईसाहेब, घरात बायको आली की अभ्यास संपतो," प्राचार्य म्हणाले.

"पण तुमचं तर लग्न झालंय!"

"प्राचार्याला मुभा आहे."

"अस्सं! म्हणजे प्राचार्याला अभ्यास लागत नाही?"

प्राचार्यांनी अर्ज पुढं ओढला आणि सही केली.

त्यांची बायको चहा ओतत हॅरिएटला म्हणाली, "यांना गेली वीस वर्षं तरी अभ्यास लागलेला नाही. साखर किती घालू?"