गुऱ्हाळाची दुसरी कॉपी

"पण दिसतंय की नाही सगळं, वस्ताद?"

अभिनंदननं हे दुसऱ्यांदा विचारलं. 

टीव्हीवर गुऱ्हाळ चाललं होतं. वस्तादांनीच कधीकाळी शूट केलेली फिल्म. पहाटेची वेळ, उसाच्या रसाची भली मोठी काहील, आणि तिच्याखाली पेटलेल्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं कोंबणारा एक माणूस.

वस्ताद टीव्हीकडे बघतच नव्हते. खुर्ची फिरवून, टीव्हीकडे पाठ करून ते अभिनंदनसमोर बसले होते.

आता हे वस्ताद कोण ते सांगतो. मुजावर वस्ताद म्हणजे कॅमेरामन. आमच्या कोल्हापुरात वस्ताद म्हटलं की तालमीतला माणूस डोळ्यांपुढं येतो, पण ह्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं ह्यांनाही वस्तादच म्हणतात, आणि त्यात काडीचीही चूक नाही. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. जिकडे बघावं तिथंच डाग, कडेनं तेवढं दिसतं. मी शेजारी राहतो. शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून ते मला सर म्हणतात. सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतो. वाचून कसला, निम्मा वेळ आमचा वादच चालतो.

आणि अभिनंदन चौगुले हा त्यांचा शेवटचा शिष्य. पुण्याची कॉम्प्युटरवरची नोकरी आता घरी बसून करतो. डिस्कवरचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून जपून ठेवायचं त्याला भारी वेड. गल्लीतली लग्नं, बारशी, कुस्त्या, सगळं ह्याच्याकडे सापडतं. पोरगा गुणी. जरा हवेत असतो, पण गुणी.

वस्तादांचं सगळं काम एका पेटीतल्या डिस्कांवर आहे. ज्या स्टुडिओनं त्या डिस्का करून दिल्या तो बंद पडला, मूळ फिती आणि फायली कुठं गेल्या कुणाला पत्ता नाही. आता डिस्कांच्याही कडेला ढगासारखे डाग धरायला लागलेत. वेळेत उतरवल्या नाहीत तर एका माणसाचा जन्मभराचा उजेड गेलाच म्हणायचा.

म्हणून अभिनंदन सारखा मागं लागला होता, पेटी मला द्या. वस्तादांनी पेटी दिली नाही. एक डिस्क दिली.

"ही उतरव. मग बघू."

ती उतरवून तो आला होता, आणि वस्ताद पाठ करून बसले होते.

"वस्ताद, तुमच्या डिस्कवर निम्मं काळंच आहे. माझ्या टीव्हीवर लावली तर सगळं फिकट, राखाडी. मी ते नीट केलं. उजळवलं. आता काहील दिसते, छपराचे वासे दिसतात. मागं कोपऱ्यात एक म्हातारी बसलीय, ती सुद्धा दिसते. डिस्कवर तर ती आहे हेच कळत नाही."

वस्तादांची मान किंचित वळली.

"म्हातारी दिसती?"

"स्पष्ट. सुरकुत्यांसकट."

"हं..."

टीव्हीवर चुलवाणाचं तोंड उघडलं. जाळ बाहेर आला. वस्ताद अभिनंदनच्या कानाजवळ कुठंतरी बघत होते. त्यांना तसंच बघावं लागतं.

"जाळ आला?"

"आला की."

"मला न्हाई वाटलं. आता डिस्क लाव."

अभिनंदननं प्लेअरमध्ये डिस्क घातली. हा टीव्ही जुन्या शिष्यांनी वर्गणी काढून घेतलेला, चांगल्यातला. डिस्कवरचं एचडीआर त्याच्यावर नीट दिसतं. एचडीआर म्हणजे काय ते मला अभिनंदननंच एकदा समजावलं होतं. साध्या व्हिडिओत पेटता दिवा आणि मागची चुन्याची भिंत, दोन्ही सारखीच पांढरी होऊन बसतात. ह्याच्यात दिवा पेटतो, भिंत भिंतच राहते आणि कोपऱ्यातल्या अंधाराला कुणी हात लावत नाही. सांगताना छान सांगितलं होतं पोरानं.

पडदा काळा झाला. खोलीही काळवंडली. कुठंतरी रस खदखदत होता. अभिनंदन नकळत पुढं वाकला. मीही वाकलो.

मग चुलवाणाचं तोंड उघडलं.

काय सांगू... अख्खी खोली तांबडी झाली. जाळात एकेक चिपाड वेगळं दिसत होतं, पेटलेलं, वाकलेलं, आतून पिवळं. मी आयुष्यभर रंग कालवले, पण असा पिवळा माझ्या ब्रशातून कधी उतरला नाही. 

"मागं सरलास," वस्ताद म्हणाले.

"कोण?"

"तूच. जाळ आला आन तू मागं सरलास. तुझी कॉपी चालली व्हती तवा तुझ्या तोंडावर उजेड सारखाच पडलेला. अंधारातबी तेवढाच, जाळातबी तेवढाच. तू हललाच न्हाईस."

मला आत्ता उमगलं ते पाठ करून का बसले होते. पडदा त्यांना दिसत नाही. बघणाऱ्याच्या तोंडावरचा उजेड दिसतो. त्यावरनं हा माणूस आपली फिल्म बघत होता. मी मनातल्या मनात हात जोडले.

अभिनंदन मात्र लाल झाला.

"वस्ताद, असा टीव्ही किती घरांत आहे? माझ्या घरी नाही. लोक मोबाईलवर बघतात. जो उजेड कुणाला दिसणारच नाही तो ठेवून करायचं काय? आणि तुम्ही असं एकेका डिस्कवर परीक्षा घेत बसलात, तर तोपर्यंत बाकीच्या डिस्का मरतील. माझ्याशिवाय दुसरं कोण करणार आहे हे?"

बोलला आणि जीभ चावली. पण शब्द सुटले होते, आणि खरंही होतं ते. दुसरं कुणी नव्हतं.

वस्तादांना राग आला नाही. डिस्क अजून चालूच होती.

"आता म्हातारी कुठं हाय?"

"नाही दिसत."

"बरं झालं."

काहिलीत रस खदखदत होता.

"गौराक्का तिचं नाव," वस्ताद म्हणाले. "गूळ करणाऱ्या गुळव्याची बायको. ल्योक गेला व्हता तिचा, नुकताच. माणसांत बसवंना, घरात ऱ्हाववंना. पहाटं गुऱ्हाळावर येऊन त्या कोपऱ्यात बसायची, उबेला. मी कॅमेरा लावला तशी म्हणाली, बाबा, माझं तोंड घेऊ नगं. मी म्हणलं, न्हाई घेत आक्का."

"मग..." अभिनंदनचा आवाज खाली आला. "मग तो कोपरा फिल्ममधून काढूनच का नाही टाकलात?"

"काढून? तिला ऊठ म्हणू व्हय तिथनं?"

अभिनंदननं पडद्यावरच्या त्या काळ्या कोपऱ्याकडे बघितलं.

"बसली व्हती ती. म्हणून हाय ती. दिसायचं नव्हतं तिला, म्हणून दिसत न्हाई. तेवढा उजेड मी बेतला व्हता, चांगला दोन पहाटा बसून."

अभिनंदननं खिशातून मोबाईल काढला. त्याचं तोंड उतरलेलं कळायला कडेची नजरही पुरली असती.

"वस्ताद... मी ती कॉपी गावच्या ग्रुपवर टाकलीय. काल. सगळ्यांना आवडली. एकानं विचारलंय, कोपऱ्यातली आजी कोण म्हणून."

मला वाटलं, आता वस्ताद ह्याला चांगला फैलावर घेतील. त्यांनी फक्त हात पुढं केला आणि चाचपडत रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

पुढचं मात्र मी कौतुकानंच सांगणार. पोरानं सबब सांगितली नाही. माझ्यासमोर ती कॉपी ग्रुपवरून काढली. कुणाकुणाकडे उतरली असेल ते विचारत एकेकाला फोन लावले. "माझ्या हातनं चूक झालीय, पुसून टाका, कृपा करा," असं गयावया करून म्हणाला. ज्याच्या तोंडून कधी साधं 'चुकलं' ऐकलं नव्हतं, तो. एकानं चेष्टा केली, तीही ऐकून घेतली.

मग घरी जाऊन कॉम्प्युटरवरची कॉपी पुसली. आणि परत येऊन डोक्याला हात लावून बसला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"सर, डिस्कवरून पहिल्यांदा उतरवलेली मोठी फाईल मी आधीच पुसलीय. फार जागा खात होती. आता परत डिस्कच वाचायला लागणार. पहिल्या खेपेलाच ती शेवटी शेवटी अडकत होती. ह्या खेपेला वाचली नाही तर..."

 वस्तादांना ऐकू गेलंच होतं.

"उद्या हिथंच घेऊन ये तुझं यंत्र," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉम्प्युटर, ड्राइव्ह, सगळा बारदाना घेऊन हजर. डिस्क मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसली. गोल गोल नाही पुसायची, आतून कडेकडे, हे मला त्या दिवशी कळलं. ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला. आणि आम्ही तिघं बसून राहिलो.

ह्या खेपेला त्यानं फाईल दाबून लहान केली नाही, काही उजळवलं नाही. डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं घ्यायचं, रंगाचा बारीकातला बारीक टप्पाही सोडायचा नाही. प्रत्येक दृश्याला टीव्हीनं किती उजेड द्यायचा ह्याच्या सूचनाही त्या डिस्कवर असतात. मागच्या वेळी त्या ह्यानं अडगळ म्हणून टाकून दिल्या होत्या. आता त्याही घेतल्या.

ड्राइव्ह निम्म्याच्या पुढं जाऊन कुरकुरायला लागला. थांबला. परत फिरला. परत थांबला.

अभिनंदनच्या कपाळावर घाम. हात बटणाकडे गेला.

"थांब," वस्ताद म्हणाले. "दम खाऊ दे तिला."

त्यानं डिस्क बाहेर काढली. आम्ही चहा घेतला.  वस्ताद पेपर वाचा म्हणाले नाहीत आणि मलाही वाचावासा वाटला नाही. डिस्क गार झाल्यावर त्यानं परत लावली आणि जिथं अडली होती तिथूनच वाचायला घेतली. कुरकुर... थांबणं... कुरकुर. 

दुपार व्हायच्या आत ती पूर्ण उतरली. अभिनंदननं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. घाम असेल म्हणा.

मग तो मुकाट्यानं कॉपी आणि डिस्क ताडून बघत बसला. एकही कण इकडचा तिकडे नाही, अशी खात्री झाल्यावरच मान वर केली.

"लावू?"

"लाव."

मी खिडक्या लावून घेतल्या. वस्तादांनी खुर्ची फिरवली. पाठ टीव्हीकडे, तोंड अभिनंदनकडे.

खोली काळवंडली. रस खदखदला. चुलवाण उघडलं आणि त्या पोराच्या तोंडावर जाळ आला. तो मागं सरला. वस्ताद हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, मला फार बरं वाटलं.

जाळ मिटला. पडद्यावर परत अंधार.

"गौराक्का हाय?" वस्तादांनी विचारलं.

"आहे."

"दिसती?"

"नाही, वस्ताद."

"मग हाय कशावरनं?"

अभिनंदननं पडद्याकडे बघितलं. मग वस्तादांकडे. यंत्राकडे हात दाखवून ताडून बघितलेले आकडे सांगेल असं मला वाटलं, आणि ते त्याला पाठ होते. पण त्यानं हात मांडीवरच ठेवले.

"मी काही काढलं नाही," तो म्हणाला. "...आणि बघायलाही गेलो नाही."

वस्तादांनी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात ठेवली.

"आतल्या खोलीत अंधारात पेटी हाय, घेऊन जा. दिवा लावू नगंस."