सात दिवसांचं कढण

एका राज्यात, जिथली पाखरं माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, भद्रसेन नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक कन्या तारिणी अंगाने भरलेली होती आणि दंडाने बळकट होती. सीमेवरच्या चौक्या ती स्वतः घोड्यावरून पाहून येई. तिची चाहूल लागली की दरोडेखोर वाट बदलत.

शेजारच्या राज्यातून तिला मागणी आली. दूताने कमरपट्ट्यासाठी माप विचारलं, तेव्हा राजाने लाजेखातर ते चार बोटं कमी सांगितलं. लाज कशाची, ते राजालाच ठाऊक. सोन्याचा पट्टा आला आणि चार बोटं अपुरा पडला. भर दरबारात तारिणीची मान खाली गेली.

त्याच वेळी कृशांबर नावाचा मांत्रिक पुढे झाला. त्याच्याजवळ तांब्याची कढई होती आणि तिच्यात कोबीचं कढण. सात दिवस याखेरीज काही घेऊ नये, सातव्या दिवशी पट्टा बसेल, असं त्याने सांगितलं. त्या कढणाला शाप होता, तो मात्र त्याने सांगितला नाही.

सातव्या दिवशी पट्टा बसला आणि नगारे वाजले. पंधरवडा उलटला नाही तोच तो पुन्हा बसेना. आता पाच बोटं कमी पडली. मांत्रिक म्हणाला, दोष कढणाचा नाही, राजकन्येच्या जिभेचा आहे. तारिणीने ते खरं मानलं आणि पुन्हा सात दिवस कढण घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्या खेपेला तिचे केस मुठीने गळाले, तिला तलवार उचलेना, आणि एका सकाळी ती महालाच्या पायऱ्यांवरून कोसळली. राजकन्येचं पाहून नगरातल्या बायकांनीही कढण धरलं होतं. हंडे विहिरीवर पडून राहिले, जाती बंद पडली. तरी जी ती स्वतःलाच बोल लावत होती. याचाच संताप येतो.

मुदपाकखान्याची मुख्य सगुणा होती. चाळीस वर्षं तिने राजघराण्याला जेवू घातलं होतं आणि तारिणीला पहिला घास तिनेच भरवला होता. ती राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, कढण वाईट नाही. मीही करते. पण ते जेवणाआधी घ्यायचं, जेवणाऐवजी नाही. पोरीला उपाशी मारणं चाललंय हे."

राजाने तिला गप्प बसवलं. सगुणा तडक परतली आणि खिडकीतल्या साळुंकीला तिने विचारलं, पोरीचं बळ गेलं कुठे? साळुंकीने सांगितलं की काळ्या कड्यातल्या गुहेत मांत्रिकाचे रांजण आहेत, बायकांचं बळ तो त्यांत साठवतो आणि त्यावरच शतकानुशतकं जगतो. वाटेत तीन अडथळे आहेत. सगुणाने पदर खोचला, शिदोरी आणि मुसळ घेतलं आणि निघाली.

गुहेच्या तोंडाशी शिळा होती. उपाशी माणसाच्या हातून ती हलत नसे. सगुणा खाली बसली, भाकरी आणि पिठलं पोटभर जेवली, वर दहीभात खाल्ला आणि खांद्याने शिळा बाजूला सारली.

आत भिंतीवर पितळी मुखवटा होता. तो म्हणाला, "सात दिवसांत अंगातून सर्वांत आधी काय जातं?" ज्यांनी चरबी असं उत्तर दिलं, ते तिथेच दगड होऊन उभे होते. सगुणाने वाळवलेल्या गवारीच्या शेंगा आठवल्या. उन्हात त्या चिमूटभर होतात, भिजत घातल्या की पुन्हा फुगतात.

"पाणी," ती म्हणाली. "आणि ते परत येतं."

मुखवट्याने डोळे मिटले.

पुढच्या दालनाची फरशी आरशाची होती. तिच्यात स्वतःला पाहून जी शरमेल, ती तिथेच विरघळून जाई. फरशी सगुणाशी बोलू लागली. तिची कंबर, तिचे दंड, तिची हनुवटी, एकेकाचं नाव घेऊन हिणवू लागली. सगुणाने खाली पाहिलं, नीट पाहिलं.

"याच कमरेवर तीन लेकरं वाढवली मी," ती म्हणाली आणि चालत पलीकडे गेली.

तिथे रांजण होते. पहिल्यात नुसतं पाणी होतं. दुसऱ्यात सोनेरी उजेडासारखं बळ काठोकाठ भरलं होतं. तिसऱ्यात तळाशी वाटीभर चरबी होती. इतक्या बायकांच्या इतक्या उपासांची एवढीच मिळकत पाहून सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मुसळ उचललं आणि रांजण फोडले. उजेड गुहेबाहेर धावला. दगड झालेले जागे झाले, नगरातल्या बायका अंथरुणावरून उठल्या, आणि तारिणी भिंतीचा आधार न घेता उभी राहिली.

सगुणाने गुहेत पाहिलेलं सारं सांगितलं, तेव्हा मांत्रिकाला पकडून दरबारात आणलं. बळाविना तो वाळक्या काटकीसारखा दिसत होता, तरी ताठ होता. त्याने विचारलं, सातव्या दिवशी पट्टा बसला की नाही?

"बसला," तारिणी म्हणाली. "तेवढंच दाखवून तुम्ही बाकीचं लपवलंत. परत वाढणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी दोष मला दिलात."

मांत्रिकाची कढई वितळवली आणि त्याला राज्याबाहेर घालवलं. मग तारिणी बापाकडे वळली.

"महाराज, खोटं माप तुम्ही दिलंत. लाज तुम्हाला वाटली, उपास मी काढले."

राजा सिंहासनावरून उतरला, मुदपाकखान्यात गेला आणि ताट घेऊन आला. वरण, भात, भाजी, भाकरी, वर तुपाची धार. पाट त्याने स्वतः मांडला. तारिणी बसली आणि सावकाश जेवू लागली. प्रधानांनी हळूच राजकाजाची आठवण करून दिली. राजाने हात वर करून त्यांना थांबवलं, आणि तिचं जेवण होईपर्यंत सारा दरबार उभा राहिला.