राहिलेला काना

“विकर? हा कोणता दुर्गुण?” चिद्घन महाराजांनी विचारलं.

समोर बसलेल्या खासनीस सरांनी पाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

कोयनाकाठच्या त्या मठाची रीतच होती. संन्यास मागणाऱ्याने जे टाकायचं ते पाटीवर एका शब्दात लिहायचं, महाराजांनी वाचायचं, मग पाटी नदीत धुऊन आणायची. सर वैद्यकीय महाविद्यालयात रक्ताचं शास्त्र शिकवायचे, तिथली रक्तपेढी सांभाळायचे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शब्द त्यांनी ऐटीत लिहिला होता, पण काना राहिला होता.

“विकार लिहायचं होतं, महाराज. हाताची सवय... उभा जन्म विकरच शिकवत आलो. म्हणजे एन्झाइम.”

“काय करतात हे विकर?”

“कापलं की रक्त थांबवतात. एरवी रक्तात झोपून असतात. जखम झाली की एक दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन उठतो. तो प्लेटलेट नावाच्या कणिकांना जागं करतो. त्या कणिका भोकाशी एकमेकींना चिकटून बसतात, आणि वरून तो रक्तातूनच धागे काढून जाळी विणतो.”

“आणि विणतच सुटला तर?”

“तर अंगभर रक्त गोठेल. पण तसं होत नाही, महाराज.”

सरांचा आवाज बदलला. ते आता मठात नव्हते, वर्गात होते.

“जखमेच्या पलीकडे, रक्तवाहिनीच्या धडधाकट भिंतीशी पोचला की तोच थ्रॉम्बिन ‘पुरे’ म्हणायला लागतो. ज्याने पेटवलं तोच विझवतो. इतकी वर्षं शिकवतोय, तरी इथे आलो की माझा खडू थांबतो.”

“सुंदर आहे,” महाराज म्हणाले. त्यांना ते खरोखरच आवडलं होतं. “मग ती गाठ जन्मभर तिथेच राहते?”

“छे. गाठ विणतानाच तिच्या धाग्यांत आणखी एक विकर झोपलेला विणला जातो. जखम भरत आली की तो उठतो आणि गाठ सोडवतो.”

“बांधतानाच सोडवणारा आत ठेवलेला?”

“आतच.”

...

“आणि तुम्ही काय टाकायला आलात?”

“राग,” सर म्हणाले. “माझ्या हाताखालचा डॉक्टर, साळुंखे. रुग्णाला भलत्याच गटाचं रक्त लावायला निघाला होता. मी ओरडलो.”

“रुग्ण?”

“वाचला.”

“मग?”

“मग मी ओरडतच राहिलो. दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, चारचौघांत. काल त्याने राजीनामा दिला. बॅग भरून बसलाय. हुशार आहे हो पोरगा... म्हणून म्हटलं, रागाचं मूळच उपटावं.”

खाली कोयनेचं पाणी वाहत होतं.

सरांनी पेन्सिल उचलली आणि राहिलेला काना द्यायला वाकले.

महाराजांनी पाटी ओढून घेतली. तो शब्द पुन्हा एकदा, ओठ हलवत वाचला. मग पाटी न धुताच सरांच्या हातात दिली.

“पहिली एस.टी. पकडा. त्या पोराला घरी जेवायला बोलवा,” ते म्हणाले. “कान्याचं मागाहून बघू.”